दार नसलेली धर्मशाळा

ही चौकट बघा. सागवानी आहे, अजून कीड नाही, पण दार नाही. आत वारं शिरतं म्हणून मागं शहरातल्या पाहुण्यांनी दार करून द्यायची तयारी दाखवली. आम्ही हात जोडले. अहो, आमचं दार आम्हीच जाळलंय! बसा ओट्यावर. त्या समोरच्या दगडावर तेवढं बसू नका.

मी धुमाळांची थोरली सून, तानूबाई. सासरची अब्रू अशी वेशीवर टांगते म्हणून हसाल, पण ही गोष्ट लपवायची नाही, असं सासूनंच मला बजावलंय.

घाटाखालचं गाव, त्यामुळं ज्यांना घर नाही अशी माणसं पहिल्यापासून इथं टेकायची. त्यांचं करायची पाळी रोज एका घराची, आणि त्या दिवशी या धर्मशाळेच्या कुलपाची किल्लीही त्याच घरात. जबरदस्ती कुणाची नव्हती, गावाला हौसच होती. फक्त कुलूप काढण्याआधी विचारायचं, "गाव कोणतं?" माणूस इथं मेलं तर निरोप कुठं धाडायचा, सुतक कुणी धरायचं, एवढ्यासाठीच म्हणे तो नियम होता.

एका साली मुलखात पटकी आली. तेव्हा सगुणा नावाची बाई आठ वर्षांच्या लेकीला घेऊन भर दुपारी या दारात उभी राहिली, असं सांगतात. पाळी आमच्या हिराजी धुमाळाची. त्यानं गाव विचारलं.

"गाव उरलं नाही, दादा. आम्ही दोघीच उरलो."

"मग निरोप कुणाला धाडू?"

"कुणालाच नाही."

"मग कुलूप कसं काढू, बाई?"

एखादं खोटं नाव सांगितलं असतं तर भागलं असतं. पण मेलेल्यांच्या नावानं खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं. ती त्या दगडावर बसली. हिराजी किल्ली कमरेला खोचून घरी गेला आणि त्यानं भाकरी-पिठलं पाठवलं, घोंगडी पाठवली. शेजारच्या घरातून दूध आलं, कुणी गूळ आणला. सगळा गाव हळहळत होता मेला! पण हिराजीकडं जाऊन किल्ली कुणी मागितली नाही. आज आपली पाळी नाही ना!

तिसऱ्या प्रहरी गारा सुरू झाल्या, लिंबाएवढ्या. माणसं घरात पळाली. सगुणा दारावर डोकं आपटत होती. तेवढ्यात लेक घोंगडी टाकून किल्ली मागायला गावाकडं धावली. कौलांवर गारांचा एवढा दणका, की हिराजीला हाक ऐकूच आली नाही. गारा थांबल्यावर त्यानं दार उघडलं, तर पोर त्याच्याच पायरीवर पडलेली. गेलेली. मी रोज ती पायरी सारवते, माझा हात अजून अडतो तिथं.

सरणाला गावात एक लाकूड सुकं नव्हतं. वळचणीखालचं या धर्मशाळेचं दार तेवढं कोरडं होतं. हिराजीनं स्वतः कुऱ्हाड घातली.

चिता विझल्यावर सगुणा परत इथं आली. चौकट मोकळी होती, अडवणारं कुणी नव्हतं. तरी ती बाहेरच थांबली आणि हिराजीला म्हणाली, "विचार."

तो दोन पावलं मागं सरला.

"विचार की रे!"

"गाव कोणतं?" त्यानं कसंबसं विचारलं.

"हेच. माझ्या पोरीची राख पडली ते माझं गाव. आता येऊ आत?"

ती आत गेली आणि मरेपर्यंत इथंच राहिली. हिराजी रोज भाकरी घेऊन यायचा. रोज ती त्याला विचारायची, "गाव कोणतं रे तुझं?" तो भाकरी उंबऱ्याशी ठेवून घरी जायचा, म्हणतात. ती गेली तेव्हा तिचं सुतक त्यानंच धरलं.

आजही इथं येणाऱ्याला कुणी गाव विचारत नाही. मी तुम्हाला तरी विचारलं का? आणि इथं कुणी मेलं, तर ज्या घराची पाळी असेल ते घर दहा दिवस सुतक धरतं. यंदा आमच्या घरात तीन सुतकं झाली. तिघांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत.