राजाचे निवलेले ताट

पूर्वी गोदेच्या काठी मेखला नावाच्या नगरीत धृतिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका खाऊनपिऊन सुखी अशा गृहस्थाच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सुभग. अंगाने भरलेला, तोंडाने हसरा, आणि पानावर बसला की मन लावून जेवणारा. आळीतल्या बायका म्हणत, एकदा सुभगाला जेवायला घालावे, म्हणजे आपल्या हाताला चव आहे की नाही ते आपल्यालाच कळते.

धृतिसेन राजाचे दुःख मात्र नेमके जेवणात होते. तो लहान असताना त्याच्या वडिलांना कोणीतरी दुधातून विष घातले. दूध गरम होते, वर केशराच्या काड्या तरंगत होत्या. वडिलांनी अर्धा पेला पिऊन उरलेले दूध प्रेमाने मुलापुढे धरले आणि मुलाच्या हातात पेला येण्याआधीच ते कोसळले. गुन्हेगार कधी सापडला नाही. अमात्य पिंगलांनी पोरक्या राजपुत्राला पोटाशी धरले आणि त्याच दिवशी वाड्यात एक नियम घातला. राजपुत्राच्या ताटातले अन्न आधी दुसऱ्या माणसाने चाखायचे. मग पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. ती भरून बुडायला एक घटका लागे. वाटी बुडाली आणि चाखणारा धडधाकट बसलेला असला, तरच राजपुत्राने घास उचलायचा.

नियमात खोट काढायला जागा नव्हती. राजपुत्र जगला, मोठा झाला, सिंहासनावर बसला. पण घटकाभरात भाताचे गोळे होतात, तूप थिजते, भाकरी वातड होते. अन्नातून निघणारी वाफ राजाने पाहिली ती नेहमी दुसऱ्याच्या पुढ्यातली. जेवताना त्याचा एक डोळा वाटीवर असे आणि दुसरा चाखणाऱ्याच्या तोंडावर. स्वतःच्या ताटाकडे बघायचे राहूनच जाई. हात धुतल्यावर कोणी विचारले असते, महाराज, आज कोणती भाजी होती, तर त्याला सांगता आले नसते.

आणि असला रोग ताटापुरता थोडाच राहतो? कोणी सोनचाफा आणून दिला तर राजा वास न घेताच तो बाजूला ठेवायला सांगे. गाणे चालू असताना तो गाणाऱ्याच्या हाताकडे बघत बसे, त्यात काही लपवलेले तर नाही ना म्हणून. न्यायाला तो चोख होता, प्रजेवर त्याची माया होती, पण हसताना त्याला कोणी पाहिले नव्हते. लोकांना त्याची कीव येई. राजाची कीव करायची पाळी येणे ही काही चांगली गोष्ट नव्हे.

पुढे चाखणारा म्हातारा झाला आणि घरी गेला. त्या जागी आपणहून कोण येणार? नगरात चिठ्ठ्या टाकल्या, आणि पाळी आली ती एका विणकराच्या मुलावर. त्याच्या अंगाची हळद अजून उतरली नव्हती. राजदूत दारात उभे, नवी नवरी उंबऱ्यात बसून रडते आहे, सासू तिला आवरायच्या ऐवजी स्वतःच ऊर बडवते आहे, असा सगळा कल्लोळ. सुभग तिथून चालला होता. तो थांबला, काय झाले ते त्याने विचारून घेतले आणि त्या मुलीला म्हणाला, "अगं, राजवाड्यात जेवायला बोलावलंय, त्यात रडायचं काय? तुझ्या नवऱ्याला घरचं जेवू दे. राजाकडचं मी जेवतो." मग दूतांकडे वळून म्हणाला, "चला."

अशा रीतीने बोधिसत्त्व राजाचे अन्न चाखू लागला.

त्याच्या आधीचा माणूस घास तोंडात टाकी आणि डोळे गच्च मिटून गिळून टाकी, कडू काढा प्यावा तसा. सुभगाची तऱ्हा निराळी. तो आधी पानावर वाकून वास घेई. भातात बोटांनी खळगे करी, त्यात तूप मुरू देई, मीठ कालवी. घास तोंडात गेला की त्याचे डोळे आपोआप मिटत, ओठ हलत आणि चेहऱ्यावर असे काही समाधान पसरे की वाढणारा वाढप्या उगाचच खूश होई. मग तो हात जोडून स्वस्थ बसे आणि घंगाळातली वाटी सावकाश बुडू लागे.

राजा हे रोज पाही. पहिल्या दिवशी त्याला वाटले, माणूस नवा आहे, अजून याला भीती कळलेली नाही. महिने गेले तरी सुभगाला ती कळण्याचे काही चिन्ह दिसेना. उलट राजाच भोजनगृहात थोडा लवकर येऊ लागला. काकडीच्या कोशिंबिरीचा पहिला घास खाताना होणारा कुरकुर आवाज त्याला ऐकावासा वाटे. आपण या माणसाचे जेवण पाहायला येतो, हे कळल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. राज्य आपले, अन्न आपले, आणि जेवतो हा! राजाच्या मनात हेवा होता, पण त्या हेव्याच्या खाली एक भूकही होती, आणि ती त्याची त्यालाही ओळखू येत नव्हती.

अमात्य पिंगलांचेही लक्ष होते. ते दुष्ट नव्हते. ज्या दिवशी जुन्या राजाला दूध दिले गेले त्या दिवशी ते शेजारच्याच दालनात होते, आणि आपण तिथे का गेलो नाही हा सल त्यांच्या मनातून कधी निघाला नव्हता. ते राजाला एकीकडे घेऊन म्हणाले, "महाराज, हा माणूस मला बरा दिसत नाही. विषाला भीत नाही असा माणूस जगात असतो का? ज्याला भीती नाही, त्याला ठाऊक आहे की आज विष नाही. आणि आज नाही हे ज्याला ठाऊक, त्याला ते कधी आहे हेही ठाऊक असणार. शिवाय डोळे मिटून काहीतरी पुटपुटतो. मंत्र असेल, खूण असेल. मला धोका पत्करायचा नाही."

"काका, इतके दिवस काही झालं नाही," राजा म्हणाला.

"आपले वडीलही इतके दिवस दूध पीत होते," पिंगल म्हणाले.

राजाने चौकशीचा हुकूम दिला. राजाच्या जिवावर उठल्याचा संशय आला की त्या नगरीत एकच शिक्षा होती, मृत्यूची. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची वेळ झाली तेव्हा सुभगाला पानावर न बसवता राजापुढे उभे केले. दोन शिपाई मागे, पिंगल बाजूला, हात तलवारीच्या मुठीवर.

राजाने विचारले, "सुभगा, घास खाताना तू काय पुटपुटतोस?"

"अन्नाला बरं म्हणतो, महाराज. आल्याचा वास छान लागलाय, तूप ताजं कढवलेलं आहे, असं. रांधणाऱ्यांनी ते आपल्यासाठी केलेलं असतं. आपण काहीच म्हणत नाही, तर कोणीतरी म्हणायला हवं ना."

"तुला भीती वाटत नाही?"

"वाटते की! पहिल्या दिवशी माझा हात कापत होता, आपण बघितलं नसेल. पण मग मी विचार केला, घास तर घ्यायचाच आहे. भीत भीत घेतला आणि विष असलं, तर मी मरणारच. आणि नसलं, तर चांगला भात फुकट गेला."

शिपायांपैकी एकाला हसू फुटले. पिंगलांनी त्याच्याकडे पाहिले तसे ते विरले. "गोड बोलणाराच घात करतो, महाराज," ते म्हणाले.

राजाचे मन दोन्हीकडून ओढले जात होते. हा माणूस मरावा असे त्याला वाटत नव्हते, आणि याच्यावर विश्वास ठेवायला तो धजत नव्हता. अखेर तो म्हणाला, "कायद्याने मरणाऱ्याला एक मागणं मागता येतं. मी राजा म्हणून वचन देतो, जे मागशील ते देईन. नीट विचार कर. जीव मागितलास तरी देईन, फक्त हे राज्य सोडून जा."

पिंगलांनीही मान हलवली. रक्त सांडल्याशिवाय भागत असेल तर त्यांनाही ते हवेच होते. आता सुभग काय मागणार हे सगळ्यांनी गृहीत धरले. शिपायांची पकडही ढिली झाली.

सुभग म्हणाला, "महाराज, आपण माझ्याबरोबर एक घास खावा. आत्ता चुलीवरून उतरलेल्या भाताचा. एका पानावर, एकाच वेळी. वाटी न सोडता."

तसे पिंगल ओरडलेच, "बघा! बघितलंत? हाच याचा डाव! स्वतः मरायला तयार आहे आणि तुम्हालाही नेतोय!"

हे खोटे म्हणावे असे काही नव्हते. मारेकऱ्याने अगदी हेच मागितले असते. राजाला ते कळत होते. त्याने विचारले, "तू जीव मागू शकला असतास. हे मागून तुला काय मिळणार?"

सुभग म्हणाला, "महाराज, मी रोज आपल्यासमोर बसून गरम गरम जेवतो आणि आपण उपाशी बघत बसता. घरचा धनी उपाशी आणि पाहुणा जेवतोय, असं अन्न गोड लागतं का? सगळं चांगलं असतं, पण तेवढा एकच खडा रोज दाताखाली येतो. जीव घेऊन मी दुसऱ्या राज्यात गेलो, तर तिथंही पानावर बसल्यावर आपला चेहरा दिसणार. त्यापेक्षा हे बरं."

आपल्यासाठी कोणी इतके दिवस वाईट वाटून घेत होते, हे राजाला ठाऊक नव्हते. त्याच्या अन्नाची काळजी घेणारे पुष्कळ होते. त्याच्या जेवणाची काळजी कोणी केली नव्हती. तो उठला. पिंगल आडवे आले, त्यांना त्याने हाताने हळूच बाजूला केले आणि तो चालत स्वयंपाकघरात गेला. आचारी घाबरून भिंतीला लागले. चुलीवर भाताचे भांडे होते. राजाने झाकण स्वतः काढले आणि त्याच्या तोंडावर वाफ आली. तांदूळ नवा होता. तो वास त्याला ओळखीचा वाटला, आईच्या हयातीतला, आणि त्याचे डोळे भरून आले.

एका केळीच्या पानावर भात वाढला गेला, वर तूप, कडेला मीठ. दोघे समोरासमोर जमिनीवर बसले. दोघांनी घास केला. राजाने तो तोंडात घातला.

आणि तो मोठ्याने कळवळला. डोळ्यांतून पाणी आले, तोंड उघडे पडले, एक हात गळ्याकडे गेला.

"विष!" म्हणून पिंगलांनी तलवार उपसली आणि ती सुभगाच्या मानेवर धरली.

राजा दोन्ही हात हलवत होता. तोंडात घास, बोलता येईना. कसाबसा तो गिळून तो म्हणाला, "काका, थांबा! काका! पोळलं!"

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, असे म्हणतात. आमच्या राजाचे तोंड बिचारे कधी पोळलेलेच नव्हते; फुंकायचे असते हे त्याला माहीतच नव्हते. मानेवर तलवार तशीच असताना सुभग म्हणाला, "महाराज, आधी फुंकर घालायची. लहान पोरांनासुद्धा कळतं."

राजाने पिंगलांकडे पाहिले, तलवारीकडे पाहिले, आपल्या पोळलेल्या जिभेला बोट लावून पाहिले, आणि तो हसू लागला. हसता हसता तो रडू लागला, आणि मग यातले काय चालले आहे ते कोणालाच सांगता येईना. पण रडतानाच त्याने दुसरा घास केला, त्यावर फुंकर घातली, आणि खाल्ला. मग तिसरा. "मीठ थोडं जास्त आहे," तो म्हणाला. आचाऱ्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या राजाने कधी त्याच्या मिठाला नाव ठेवले नव्हते.

पिंगलांच्या हातातून तलवार केव्हा खाली आली ते त्यांनाही कळले नाही. राजा म्हणाला, "काका, बसा. तुम्हीही घ्या."

म्हातारा उभाच राहिला. "मला गरम सोसायचं नाही आता, महाराज. आपण निवलेलं खाता म्हणून मीही त्या दिवसापासून निवलेलंच खातो. पोरानं गार खायचं आणि आपण गरम खायचं, हे मला जमलं नाही."

राजाने मूठभर भात घेतला, त्यावर तूप घातले, बराच वेळ फुंकर घातली आणि आपल्या हाताने तो घास म्हाताऱ्याच्या तोंडात दिला. ज्यांनी ते पाहिले त्यांनी माना खाली घातल्या.

सुभगाला अर्थातच सोडले. राजाने त्याला आपल्या पंक्तीला बसवले, चाखायला नव्हे, सोबतीला. दारावरचे पहारे राहिले, आणि भीतीही थोडीफार राहिलीच. ती काही एका घासाने जात नाही. पण धृतिसेन पुढे पुष्कळ वर्षे जेवला, हसला, चाफ्याचा वास घेऊन शिंकला, आणि सगळे जसे मरतात तसा म्हातारपणाने मेला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, सांगितली ती एका सकाळी, विहारात एक तरुण भिक्खू भरलेले भिक्षापात्र मांडीवर घेऊन, उद्या भिक्षा मिळेल की नाही या विवंचनेत न जेवता बसला होता, त्याला पाहून. कथा संपवून ते भिक्खूंना म्हणाले, "त्या वेळचा धृतिसेन राजा म्हणजे हा भिक्खू. पिंगल अमात्य म्हणजे याची काळजी वाहणारे याचे आचार्य, हे शेजारी बसलेले स्थविर. ज्याच्या जागी सुभग गेला, तो विणकराचा मुलगा म्हणजे आज सकाळी याच्या पात्रात भात वाढणारा गृहस्थ. आणि सुभग मीच होतो. हातातल्या घासात आनंद मानणे हा संतोष, आणि तोच आनंद दुसऱ्याला मिळावा म्हणून स्वतःचे मागणे सोडणे ही करुणा. या दोहोंत श्रेष्ठ कोणते असे कोणी विचारील, तर मी सांगेन, एका पानावर दोन्ही मावतात."

मग ते त्या तरुण भिक्खूकडे वळले आणि हळूच म्हणाले, "जेव, बाबा. निवतंय."