अठ्ठ्याहत्तर किलो

“स्कीतून बूट सुटणारच नाही असं बायंडिंग आहे का?”

उस्ताद स्कीच्या तळावरचं जुनं मेण खरवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आहे की. खिळे ठोकून देतो.”

मी हसलो नाही.

जगदाळे उस्ताद मूळचे आमच्याच पाटणकडचे. फौजेत जवानांना बर्फावर स्की शिकवली आणि पेन्शनीनंतर इथेच राहिले, औलीच्या उताराखाली, पत्र्याच्या शेडमध्ये. वापरलेल्या स्की दुरुस्त करून विकतात. कुणी आलं तर शिकवतात. माझा थोरला भाऊ येसबा इथल्या हॉटेलात कामाला आला आणि त्यांचा चेला झाला.

गेल्या माघात दादा बर्फाच्या उंचवट्यावरून उडाला, हवेत फिरला, पाठमोरा उतरला. एक स्की पायातून सुटली.

दादा गेला.

“उडी कधी मारणार?” उस्तादांनी विचारलं.

“उद्या.”

“स्कीवर उभा तरी राहिलायस कधी?”

“राहीन की.”

“...घे मग निवडून.”

मी भिंतीला टेकलेली लाल चकचकीत जोडी ओढली.

“तिचं शेपूट सपाट आहे. पाठमोरा उतरलास की बर्फात रुतेल आणि तू उताणा.”

त्यांनी कोपऱ्यातून एक ओरखडलेली जोडी काढली. तिची दोन्ही टोकं वर वळलेली होती. दोन स्की एकमेकींना लावून त्यांनी मधल्या फटीतून उजेड पाहिला, कडांवरून अंगठा फिरवला.

“रंग उडालाय म्हणून स्वस्त. कडा शाबूत आहेत. बायंडिंग जुनं, पण स्प्रिंग अजून जागी आहे.”

“घट्ट करा.”

“ते तुझ्या माझ्या मनावर नसतं. माणूस पडला की पाय मोडायच्या आत बूट सुटला पाहिजे. जड माणसाला घट्ट, हलक्याला सैल. वजन किती?”

“अठ्ठ्याहत्तर.”

ते वजन दादाचं होतं.

उस्तादांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. मग पायांकडे. बूटही दादाचेच होते, आत मोज्यांचे दोन जोड घालून बसवलेले.

“अठ्ठ्याहत्तर,” ते म्हणाले. आणि स्क्रू तेवढा पिळला.

शेडच्या मधोमध पोती अंथरलेली होती.

“चढ.”

बूट खटकन बसले. मी ताठ उभा राहिलो. दादा असाच उभा राहत असेल...

उस्तादांनी मला खांद्याला धरून बाजूला ढकललं.

मी पडलो. स्की पायालाच राहिली. तिचं टोक खांबाला अडलं आणि गुडघा पिळला. मी ओरडलो.

“सुटली का?”

“नाही!”

“मग बोंबलतोस कशाला? तुला पाहिजे तशीच आहे.”

“उस्ताद, काढा!”

ते उभेच राहिले. मग काठीने टाचेमागचा खटका दाबला. पाय मोकळा झाला.

मी पोत्यावर बसून बूट उपसून काढले. गुडघा चोळता चोळता तोंडातून गेलंच.

“दादाचं बायंडिंग तुम्हीच लावलं होतं.”

“मीच.”

“सैल लावलंत.”

“त्याच्या वजनाला बरोबर लावलं होतं.”

“मग सुटलं कसं?”

“पडला म्हणून सुटलं.”

“मग तो गेला कसा?”

...

बाहेर कुणीतरी फावड्याने दारातला बर्फ ओढत होतं. उस्तादांनी काठी भिंतीला टेकवली.

“डोकं आपटलं. बर्फ रात्रीचा दगडासारखा झालेला होता. मी जाऊ नको म्हणालो नाही. येसबा म्हणजे... त्याला कोण काय म्हणणार!”

दादाचा बूट माझ्या हातात होता. तो मी उचलला, डोक्याच्या वर. उस्ताद हलले नाहीत. त्यांनी हातही आडवा धरला नाही.

माझा हात दुखायला लागला. मी बूट खाली ठेवला.

“त्याच्यासारखंच लावा,” मी म्हणालो. “मला त्याचीच उडी मारायची आहे. त्याच्यासारखीच...”



उस्ताद खाली बसले. स्की मांडीवर घेतली. पिळलेला स्क्रू त्यांनी उलटा फिरवला, पार सैल होईपर्यंत. मग स्क्रूड्रायव्हर खाचेत टेकवला आणि हात थांबवला.

“मारत्या, परत विचारतो. वजन किती?”