सात पाट आणि एक मेथड

एका गावात एक भोळा प्रोग्रामर होता. नाव मुकिंदा. गावातल्या विवाह मंडळानं सात जोडप्यांचं सामुदायिक लग्न ठरवलं, आणि त्याची वेबसाइट याच्या गळ्यात पडली. सातवा नवरदेव हाच. नवरी कालिंदी. पोरीवर याचा भारी जीव, पण तिचे वडील आबा म्हणजे लवंगी मिरची.

पानावर सात नवरीमुलींच्या सात ओळी. प्रत्येक नावापुढं 'आमंत्रण' असं बटण. ते दाबलं की पानामागच्या जावा प्रोग्रामच्या 'बीन' नावाच्या तुकड्यातली मेथड, म्हणजे आमंत्रण पाठवायची आज्ञा, चालायची, आणि आमंत्रण कुणालाच जायचं नाही.

ऑफिसातल्या शालनताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, मेथडला नुसती हाक मारतोस? कुणाला पाठवायचं ते तिला काय स्वप्नात दिसणार? हाक मारली की सोबत काहीतरी द्यावं."

"देतो, ताई."

त्या संध्याकाळी तो आबांकडं गेला. "आबा," म्हणून हाक मारली आणि त्यांच्या हातात चप्पल दिली. पुन्हा "आबा," आणि उष्टा कप. तिसऱ्या हाकेला घरातलं मांजर.

आबा म्हणाले, "जावईबापू, मांडवात असला एक जरी चाळा केलात, तर पोरगी परत नेईन."

मुकिंदानं घर गाठलं. सकाळी त्यानं सातही बटणांना नाव देऊन टाकलं. सगळ्यांना एकच, कालिंदी. सातही आमंत्रणं तिला एकटीला गेली.

"शहाण्या," शालनताई म्हणाल्या, "आपल्या आवडीचं नाव ठोकून द्यायचं नसतं. मेथड एकच ठेव. ज्या ओळीत असशील त्या ओळीतली नवरी तिला दे. पहिलीपासून सातवीपर्यंत, एकही सोडू नकोस."

हे मात्र गड्याला पक्कं समजलं. आमंत्रणं बिनचूक गेली.

लग्नाला मांडवात ओळीनं सात पाट. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाले. गुरुजी म्हणाले, "हं, हार घाला."

मुकिंदानं कालिंदीकडं पाहिलं. जीव तुटला बिचाऱ्याचा. पण ती पडली आवडीची. तो तडक पहिल्या पाटाकडं धावला आणि तिथल्या नवरीला हार घातला. तिच्या नवरदेवाच्या हातातला हार काढून दुसरीला, दुसरीच्या नवरदेवाचा तिसरीला, असं ओळीनं. नवरदेव बघतच राहिले. गुरुजींना ठसका लागला. सातव्या पाटाशी येऊन त्यानं कालिंदीला हार घातला आणि घाम पुसला.

"झालं. एकही सोडली नाही."

आबांनी लेकीचा हात धरला आणि ते मांडवाबाहेर निघाले. मुकिंदा रडकुंडीला आला, पण शिकलेलं कसं विसरणार? तो मागून धावत गेला.

"आबा, असं आवडीची तेवढी उचलायची नसते. पहिल्या पाटापासून ओळीनं न्या."