पिवळ्या पाण्याची परीक्षा

विकर माणसांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. विकर म्हणजे पदार्थ तोडणारे-जोडणारे इवलेसे कारागीर. मातीतला असा एक विकर सबनीसबाईंनी प्रयोगशाळेत आणला. तो दिसेल ते थोडंफार तोडायचा. बाईंना मात्र औषधातला एकच दुवा तोडून हवा होता, कारण त्या दुव्यामुळे ते औषध रुग्णांच्या पोटाला सोसत नव्हतं.

औषध तपासायला फार वेळ लागे. म्हणून बाईंनी त्याच्यासारखाच दुसरा पदार्थ घेतला. त्याचा दुवा तुटला की पाणी पिवळं व्हायचं. दर खेपेला त्या विकराचा एखादा अवयव बदलत. पाणी जास्त पिवळं झालं तर बदल ठेवत, नाहीतर तो काढून टाकून पाणी बेसिनमध्ये ओतून देत. विकर थकला, बाईही थकल्या. अखेर पाणी हळदीसारखं पिवळंधमक झालं.

मग बाईंनी त्याच्यापुढे खरं औषध ठेवलं. विकर जागचा हलला नाही.

"अरे, आलास तेव्हा हे थोडं तरी तोडायचास," बाई म्हणाल्या.

"तोडायचो," विकर दमल्या आवाजात म्हणाला. "पण बाई, तुम्ही रोज पिवळंच मागत होतात."