तेकोलो राजाची झेंडूची वाट

पूर्वी, चार सूर्य विझून पाचवा सूर्य आकाशात नुकताच स्थिरावला होता त्या युगात, महासागरापलीकडील मेक्सिको देशी, धूम्रशिखर ज्वालामुखीच्या पायथ्याशी शोचाल्पान नावाचे लहानसे नगर होते. आपण दसऱ्याला ज्याचे तोरण बांधतो तो झेंडू मूळचा तिकडचाच. वर्षातून एकदा मृतात्मे घरी येत, तेव्हा दफनभूमीपासून दारापर्यंत त्याच्या पाकळ्यांची वाट अंथरली जाई. कारण मृतांना दिसत नाही, गंध तेवढा कळतो.

तेथील राजा तेकोलो मोठा विलासी, आणि मनाने तेवढाच कोता. नगरीचा एकुलता एक झरा त्याने बांध घालून स्वतःच्या उपवनात वळवला. तपस्विनी मोसेलचा पुत्र याओत्ल याने तो बांध फोडला, तेव्हा राजाने त्याचा शिरच्छेद करवला. तरीही त्याचे समाधान होईना. उत्सव जवळ येताच त्याने मोसेलच्या अंगणातला झेंडू मुळासकट उपटवला आणि तिला फूल देणाऱ्यास देहदंड फर्मावला.

"आता बघू, तुझा पोर घरी कसा येतो ते!" तो म्हणाला, आणि सारा दरबार खदखदा हसला. ही कथा सांगताना त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

उत्सवाचा दिवस मोसेलने बोडक्या उंबऱ्यावर बसून काढला. मुलगा आला नाही. मग ती उठली, ज्वालामुखीच्या गुहेत गेली, अन्नपाणी वर्ज्य करून तिने असे घोर तप आरंभले की मिक्त्लान नामक मृतलोकाचा अधिपती, अस्थिमालांनी शोभणारा, घुबडाच्या पिसांचा मुकुट ल्यालेला, स्वतः प्रकटला.

"माते, एकच वर माग. एक तर तुझा पुत्र दरवर्षी घरी येईल, नाहीतर तुझ्या शत्रूचे पारिपत्य होईल."

"हे अस्थिभूषणा, पुत्र तुझ्याकडेच आहे, आणि मीही तिकडेच निघाले आहे. त्याच्या भेटीला मला वर कशाला हवा? पण त्या तेकोलोला स्वतःचे दार कधीही सापडू नये. फुले अंथरलेली असूनही सापडू नये!"

"तथास्तु," देव म्हणाला. मोसेलने तिथेच देह ठेवला.

त्याच वर्षी राजा अजीर्णाने मेला. उत्सव आला तेव्हा राण्यांनी राजवाड्यापर्यंत पाकळ्यांचा राजमार्ग अंथरला. पाहतात तो काय, महाद्वारापाशी येताच पाकळ्या आपोआप वळल्या आणि पुन्हा दफनभूमीकडे गेल्या. पुढच्या वर्षीही तेच घडले. अखेर राण्या थकल्या, आणि नगरजनांनी ते काम आनंदाने आपल्याकडे घेतले.

आज तिथे उत्सवात चर्चची घंटा वाजते आणि राजवाड्याचा दगडही उरलेला नाही. झरा मात्र वाहतो आहे, आणि त्या मायलेकरांसाठी प्रत्येक घरी मक्याच्या भाकरीची दोन पाने वाढलेली असतात. तेकोलोची वाट सगळ्यांत रुंद असते. ती दफनभूमीतून निघते, राजवाड्याच्या जागेला वळसा घालते आणि परत दफनभूमीतच शिरते. शेवटची मूठ टाकताना गावातली सर्वांत वृद्ध स्त्री कमरेत लवून मोठ्या आदराने म्हणते,

"यावे महाराज, यावे! घर आता जवळच आहे."