रिकाम्या कोनाड्याची कहाणी

ऐका जिवतीआई, तुमची कहाणी. ऐक रिकाम्या कोनाड्या, तुझीही.

नगर होतं आटपाट, आणि त्यात एक घर होतं काठोकाठ. त्या घरात गोजराबाई राहायच्या, त्यांचा मुलगा दामोदर राहायचा, सून केतकी राहायची. ही तिघं आपली कडेकडेनं राहायची. मधे राहायचा पसारा. झाकणं हरवलेले डबे, डबे हरवलेली झाकणं, दांडा तुटलेल्या कढया, कुणाच्या तरी लग्नात आलेली आणि अजून कागदातून न निघालेली ताटं. केतकीनं काही उचललं की गोजराबाई म्हणायच्या, "असू दे, लागेल."

"कधी लागेल?"

"लागेल कधीतरी."

केतकीला दिवस गेले होते. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं. सुईण येऊन बघून गेली. म्हणाली, "मागची खोली मोकळी करा. वारा हवा, उजेड हवा, मला बसायला जागा हवी. नाहीतर मी पाऊल टाकणार नाही."

मागच्या खोलीचं तर दारच उघडत नव्हतं. गोजराबाई म्हणाल्या, "बाळ ते केवढं असतं? मावेल कुठेतरी."

केतकी म्हणाली, "बाळ मावेल हो, मी कुठे मावू?"

दामोदर म्हणाला, "आईचंही खरं, तुझंही खरं," आणि चप्पल शोधून कामाला गेला. चप्पल शोधायलाच त्याची सकाळ जायची.

मग श्रावण आला. पहिला शुक्रवार आला. जिवतीचा कागद लावायला भिंत मोकळी नव्हती, म्हणून गोजराबाईंनी तो ट्रंकेला चिकटवला. ट्रंकेवर गादी चढली, गादी खाली लोंबली, जिवतीआई झाकून गेली. मग ती काय करते? म्हातारीचं रूप घेते, पदराखाली काहीतरी जपून धरते आणि दाराशी येऊन म्हणते, "माय, वाढ गं."

गोजराबाईंनी विचारलं, "काय वाढू?"

"घरात आहे ते वाढ. आणि घडीभर टेकायला जागा दे."

जागा कुठली? म्हातारी उभ्यानं आली, उभ्यानं गेली. तोंडात दात नव्हते, शब्द निसटायचे. गोजराबाईंना वाटलं, म्हातारी म्हणाली 'वाढव'. साक्षात आशीर्वाद! त्यांनी बोहारणीला हाक मारली, जुनी लुगडी दिली आणि पातेल्यांची चळत घेतली. घर वाढलं.

मग दुसरा शुक्रवार आला. म्हातारी आली. "माय, आहे ते वाढ. टेकायला जागा दे." जागा नव्हती. म्हातारी गेली. गोजराबाईंनी शेजारणीची मोडकी खाट मागून आणली. घर वाढलं.

मग तिसरा शुक्रवार आला. म्हातारी आली. "माय, आहे ते वाढ. टेकायला जागा दे." जागा नव्हती. म्हातारी गेली. गोजराबाईंनी पसारा ठेवायला कपाट आणलं. कपाट ठेवायला जागा नव्हती, म्हणून पसारा बाहेर काढला आणि कपाट आत ठेवलं. आता पसारा वाटेत आला. केतकी पाण्याचा तांब्या घेऊन निघाली, पाय खाटेच्या खुरात अडकला, वरून पातेली कोसळली. तिनं भिंत धरली म्हणून वाचली. पोटावर हात ठेवून ती तशीच खाली बसली. आत बाळ हललं, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. आणि मग असा संताप आला की विचारू नका.

ती तशीच उठली, दारोदार मागत वेशीपर्यंत पोचलेल्या म्हातारीच्या मागे गेली आणि तिची वाट अडवली.

"आजी, एक काय ते नीट सांगा. वाढ की वाढव?"

म्हातारी हसली. "अगं पोरी, दारोदार उभी राहणारी बाई काय म्हणते? वाढ म्हणते. वाढव म्हणायला मी काय भांड्यांची दुकानदारीण आहे?"

"मग काय वाढू?"

"वर्षभर ज्याला हात लागला नाही ते."

"कुणाला?"

"ज्याच्या घरात ते नाही त्याला. आणि धुऊन, पुसून वाढ हो. शिळं आपण कुणाच्या पानात वाढत नाही, तसं फुटकं कुणाच्या दारात ठेवू नये. फुटकं भंगारात घालावं, चांगलं वाढावं, विकायचं ते विकावं, पण आलेल्या पैशाचं पुन्हा पातेलं आणू नये. एक कोनाडा रिकामा करावा, त्यात दिवा लावावा, दुसरं काही ठेवू नये. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये, टाकला पसारा उचलू नये."

केतकी घरी आली. पदर खोचला. मागच्या खोलीच्या दाराला खांदा लावला. गोजराबाई आडव्या आल्या.

"चार बुकं शिकलीस म्हणून माझा संसार रस्त्यावर मांडतेस?"

"संसार नाही मांडत, सासूबाई. पसारा मांडते."

"आत माझं घंगाळ आहे. पितळेचं. दामूच्या न्हाणाचं पाणी त्यातच काढायची मी. ते देऊ?"

"ते कशाला देऊ? माझ्या बाळालाही तेच लागेल. कुठे आहे?"

गोजराबाईंनी खोलीत पाहिलं. खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "खाली आहे. सगळ्याच्या खाली."

"शेवटचं कधी पाहिलंत?"

गोजराबाईंनी बोटांवर वर्षं मोजली, बोटं संपली.

केतकीचा आवाज उतरला. म्हणाली, "मग काढू या ना, आई."

तिनं त्यांना पहिल्यांदाच आई म्हटलं. गोजराबाईंनी निऱ्या वर खोचल्या आणि पहिलं पातेलं स्वतः उचललं.

मग पातेली निघाली. नव्यानं वेगळं बिऱ्हाड केलेल्या कुंभाराच्या सुनेला वाढली. मग ताटं कागदातून निघाली. शाळेत पोरांना जेवायला वाढली. मग खाट सुताराकडून नीट करून धर्मशाळेत गेली. ढिगाखालून शिवणाचं मशीन निघालं, ते शिंपिणीनं विकत घेतलं, कपाट वाण्यानं विकत घेतलं. आलेल्या पैशातून सुईणीची साडी आली, बाळाची दुपटी आली, पातेलं आलं नाही. एकदा गोजराबाईंनी एक झाकण गुपचूप पदराखाली घेतलं. केतकीनं नुसतं पाहिलं. गोजराबाई म्हणाल्या, "डबा सापडला तर..." आणि आपल्याच बोलण्याला हसून झाकण भंगारात टाकलं.

सगळ्यात शेवटी घंगाळ निघालं. काळं पडलेलं. गोजराबाईंनी चिंच लावून ते घासलं आणि तोंड दिसायला लागलं तशा पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आणि मी म्हणे सगळं जपून ठेवत होते."

चौथा शुक्रवार आला. कोनाडा रिकामा होता, त्यात दिवा होता. भिंत मोकळी होती, तिच्यावर जिवतीआई होती. केतकीच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण आली, ऐसपैस बसली. दाराशी हाक आली, "माय, वाढ गं."

गोजराबाई धावल्या. पाट मांडला. "या, टेका. काय वाढू?"

म्हातारी पाटावर बसली. म्हणाली, "आज तू बस. आज मी वाढते." तिनं पदराखालचं गाठोडं मोकळं केलं आणि आतून बाळाचा पहिला ट्यांहा ऐकू आला. गोजराबाईंनी वळून पाहिलं, तर पाटावर नुसती हळदीची पावलं. पावलं मागच्या खोलीकडे गेली होती आणि त्यांना वाटेत कशाचाही अडथळा नव्हता.

घंगाळात पाणी काढलं, नात न्हाली. दामोदर घरी आला. चप्पल काढली, जागेवर ठेवली आणि लेकीला घेऊन सबंध घरभर फिरला. आता घरभर फिरता येत होतं.

जशी जिवतीआई केतकीच्या घरी टेकली, तशी तुमच्या-आमच्या घरी टेको. जसं गोजराबाईंना घंगाळ सापडलं, तसं तुमचं तुम्हाला सापडो. आणि बायांनो, आरती झाली की घरी जा, माळ्यावर चढा, एक तरी वस्तू खाली काढा. 'लागेल' म्हणू नका, 'वाढते' म्हणा.

ही साठ वस्तूंची कहाणी, पाच वस्तूंत सुफळ, संपूर्ण.