समोरच्या दारासाठी

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा प्रत्येक नगराला वेस होती, वेशीला दरवाजा होता, आणि तो उघडायला-मिटायला एक माणूस नेमलेला होता.

अशाच एका नगराबाहेर, नदीच्या वळणावर, एका भल्या राजानं म्हाताऱ्या माणसांसाठी घर बांधलं होतं. ज्यांची मुलं परमुलखात गेली, ज्यांचं मागंपुढं कुणी उरलं नाही, त्यांनी तिथं राहावं. मधे चौक, चौकात आपट्याचं झाड, आणि चौकाभोवती बारा खोल्या. राजा म्हणाला होता, "माझ्या राज्यात म्हातारपणी कुणाला कुणाकडं काही मागावं लागू नये." म्हणून प्रत्येकाला वेगळी खोली, वेगळं ताट, वेगळी समई आणि पाण्याचा वेगळा माठ. लोक त्या घराला विसावा म्हणत.

तिथं सण एकही चुकत नसे. दिवाळीच्या पहाटे कारभारी प्रत्येक दारात तेलाची वाटी आणि उटण्याची पुडी ठेवी. जो तो आपलं आपण तेल लावी. फक्त पाठीला हात पोचत नसे. बारा खोल्यांतल्या बारा पाठी तेवढ्या कोरड्या राहत. संक्रांतीला प्रत्येकाच्या ताटात तिळाचे दोन लाडू येत. ज्याचे त्यानं खावेत. "गोड बोला" असं म्हणायला भिंतीखेरीज समोर कुणी नसे.

त्या घरात एक नाईक राहत होता. नगराच्या वेशीचा दरवाजा त्यानं चाळीस वर्षं सांभाळला होता. वेस सोडून कुठं जायचं नाही, हा त्याचा नेम. लग्नाकार्याला नाही, मयताला नाही, देवाच्या जत्रेलासुद्धा नाही. त्याला कुठं जावंच लागत नसे, कारण सगळं नगर त्याच्यासमोरून जाई. नाईक जागेवर उभा राही आणि माणसं त्याच्याकडं येत.

दसऱ्याचा दिवस तर त्याचाच असे. तिसऱ्या प्रहरी सारं नगर वाजतगाजत वेशीबाहेर सीमोल्लंघनाला जाई आणि दिवेलागणीला आपट्याची पानं घेऊन परत येई. परतताना प्रत्येक जण आधी नाईकाच्या हातावर पान ठेवी. "सोनं घ्या, नाईक, सोन्यासारखे राहा." हात भरला की नाईक पागोटं काढून पुढं धरी. पागोटं भरलं की लोक पानं त्याच्या पायाशी ठेवत. त्यानं स्वतः मात्र कधी कुणाच्या दारी जाऊन सोनं दिलं नव्हतं. त्याला ते ठाऊकच नव्हतं म्हणा ना.

मग गुडघे गेले. बायको आधीच गेली होती. मुलगा गलबतावर चाकरीला गेला, तो तिकडचाच झाला. वेशीवर दुसरा माणूस आला आणि नाईक विसाव्यात आला.

तो आला त्याच वर्षी समोरच्या खोलीत एक पंतोजी राहायला आले. जन्म याच नगरातला, नदीकाठच्या वैद्यांच्या घरातला. पण सारं आयुष्य त्यांनी दूरच्या एका गावात मुलं शिकवण्यात घालवलं होतं. अंगानं किडकिडीत, धोतर पांढरंशुभ्र, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी चौकात दोघांची गाठ पडली.

नाईकानं विचारलं, "पंतोजी, वय काय आपलं?"

पंतोजी म्हणाले, "सन कुणी लिहून ठेवलाय? पण मोठा पूर आला तेव्हा मी चालत होतो."

"मी पळत होतो," नाईक म्हणाला.

"अहो, चालत म्हणजे चांगला चालत होतो. आईनं सांगितलंय मला."

"मलाही माझ्या आईनंच सांगितलंय. म्हणजे मी थोरला."

"ते कसं? काही मुलं लवकर पळतात. त्यांना अक्कल उशिरा येते, एवढंच."

आपापल्या दारात बसलेली म्हातारी माणसं खो खो हसली. पंतोजीही हसले. नाईक हसला नाही. तो आपल्या खोलीत गेला. हसणं विरलं, थोरला कोण, हा प्रश्न मात्र दोन दारांच्या मधे चौकात तसाच पडून राहिला.

एरवी त्यानं काही बिघडलं नसतं. पण दसऱ्याला धाकट्यानं थोरल्याच्या दारी सोनं घेऊन जायचं असतं. थोरल्यानं घरात बसायचं आणि आशीर्वाद द्यायचा.

पहिला दसरा आला. नाईकानं पागोटं नीट बांधलं, दार उघडं टाकलं, वाटीत खोबरं-साखर ठेवली आणि तो उंबरठ्याच्या आत बसला. समोर पंतोजींचंही दार उघडं होतं. तेही धुतलेलं उपरणं घेऊन उंबरठ्याच्या आत बसले होते. त्यांच्याही पुढ्यात वाटी होती. चौकात आपट्याचं झाड वाऱ्यावर हलत होतं. लांबून वेशीवरचे ढोल ऐकू येत होते. ढोल आधी लांब गेले, मग जवळ आले, मग घरोघरी पांगून थांबले.

कारभारी टोपली घेऊन आला आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पान ठेवून गेला. "राजेसाहेबांकडून," तो म्हणाला. नाईकानं पान घेतलं. शिधा घ्यावा तसं घेतलं.

अंधारलं तशी दोन्ही दारं लागली. सकाळी नाईकानं पंतोजींसाठी खुडून ठेवलेलं पान उशाखालून काढलं आणि कारभाऱ्याच्या शेळीपुढं टाकलं. हो, त्यानं पान खुडलं होतं. पंतोजी आले असते तर त्यांना उलट द्यायला नको का?

दुसऱ्या दसऱ्याला तेच झालं. तिसऱ्यालाही. इतर खोल्यांतली माणसं या दोघांकडं पाहत आणि आपणही बसून राहत. ही दोन मोठी माणसं हलत नाहीत, मग आपण कशाला हलायचं? कोपऱ्यातल्या शेवटच्या खोलीत एक सुईणआजी राहत होती. तिला नीट दिसत नव्हतं. ती तिथूनच ओरडून विचारी, "काय रे, कुणी उठलं का?" आणि कारभारी म्हणे, "नाही, आजी."

"मग बसा. अंडी उबवा."

पाचव्या दसऱ्याला मात्र पंतोजी उठले. नाईकानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ते उंबरठ्यापर्यंत आले. त्यांच्या उजव्या मुठीत काहीतरी होतं. त्यांनी एक पाय उचलला. नाईकानं पागोटं सारखं केलं, पाठ ताठ केली आणि वेशीवर अनोळखी माणूस आला की खाकरायचा, तसा तो खाकरला. चाळीस वर्षांची सवय. मुद्दाम नाही केलं त्यानं.

पंतोजींचा पाय तसाच थांबला. त्यांनी नाईकाकडं पाहिलं. मग पाय मागं घेतला आणि ते आत जाऊन बसले.

त्या संध्याकाळी नाईक स्वतःशीच म्हणाला, "यायचं असतं तर आले असते." हेच तो पुढं दोन वर्षं म्हणत राहिला.

सातव्या दसऱ्यानंतर माघात थंडीची लाट आली. पंतोजींच्या खोलीतून खोकला ऐकू येऊ लागला. नाईक रोज सकाळी दारात बसून तो खोकला ऐके. "हाक मारली तर जाईन," तो मनात म्हणे. पंतोजींनी हाक मारली नाही. आयुष्यभर मुलांना हाका मारून बोलावणाऱ्या माणसाला ही एक हाक जमली नाही. चौथ्या सकाळी खोकला थांबला होता. नाईकाला वाटलं, उतार पडला. मग कारभारी खोलीत गेला आणि डोक्यावरची टोपी हातात घेऊन बाहेर आला.

तेराव्यानंतर कारभाऱ्यानं पंतोजींची पेटी आवरली. दोन धोतरं, एक दौत, तीन बोरू. आणि कागदात बांधलेली एक लहानशी पुडी. ती घेऊन कारभारी चौक ओलांडून नाईकाकडं आला.

"नाईक, हे तुमचं असावं."

कागदावर पंतोजींच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं: समोरच्या दारासाठी. आत आपट्याची सात पानं होती. सगळ्यात खालचं इतकं वाळलेलं, की बोट लागताच त्याचा चुरा झाला. सगळ्यात वरचं अजून थोडं हिरवट होतं.

नाईकानं पुडी पुन्हा बांधली. मग तो उठला. काठी घेतली आणि भिंतीच्या कडेकडेनं कोपऱ्यातल्या शेवटच्या खोलीशी गेला. सात वर्षांत तो पहिल्यांदाच त्या दाराशी गेला होता.

"कोण आहे?" सुईणआजीनं विचारलं.

"मी, नाईक. आजी, तुझ्या आईनं या नगरातली सगळी बाळंतपणं केली म्हणतात. आमच्यात थोरला कोण, तुला ठाऊक आहे का? मी की पंतोजी?"

"ठाऊक नसायला काय झालं? दोन्ही वेळा पाणी तापवायला मीच होते. बारा वर्षांची होते मी. तू आधी आलास. पायाळू. पाय आधी बाहेर काढलेस मेल्या, आणि मग जन्मभर उंबऱ्याबाहेर पाय काही पडेना तुझा. वैद्यांचा मुलगा तुझ्यानंतर सव्वा महिन्यानं झाला."

"म्हणजे थोरला मी."

"तूच थोरला."

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"होतं ना. आता बस बरोबर होऊन."

नाईक दाराला टेकला. सात वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली, ते शब्द कानावर पडले होते. आणि ते जाऊन सांगावेत असा एकच माणूस होता, तो समोरच्या खोलीत नव्हता.

"आजी, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंस कधी? विचारायला चौदा पावलं चालावं लागत होतं." मग ती हळू आवाजात म्हणाली, "आणि नाईका, मी तुम्हा दोघांहून बारा वर्षांनी मोठी. तुमच्यात थोरला कोण, याचा वाद होता. माझ्या वयाचा तर काही वाद नव्हता ना? सात दसरे मीही दार उघडं ठेवून बसले होते. आलं का कुणी सोनं घेऊन?"

त्या कोपऱ्याकडं नाईकानं कधी पाहिलंच नव्हतं. त्याचे डोळे समोरच्या दाराला लागलेले होते.

पुढचा दसरा आला. सकाळीच नाईकानं झाडाखाली उभं राहून पानं खुडली. पागोटं बांधलं. तिसऱ्या प्रहरी वेशीवर ढोल वाजू लागले आणि सारं नगर सीमोल्लंघनाला निघालं. नाईक आपल्या उंबरठ्याशी उभा राहिला. वीतभर उंचीचं लाकूड. चाळीस वर्षं त्यानं इतरांसाठी बारा हात उंचीचा दरवाजा उघडला होता, पण सोनं घेऊन हे वीतभर लाकूड ओलांडायला त्याला चौकट धरावी लागली.

त्यानं ते ओलांडलं.

आधी तो कोपऱ्यातल्या खोलीत गेला. सुईणआजीच्या हातावर पान ठेवून तो वाकला. "सोनं घ्या, आजी."

तिनं पान चाचपून पाहिलं. "उशीर केलास, नाईका."

"हो, आजी."

"पण आलास." तिनं त्याच्या पागोट्यावर हात ठेवला. तो तिनं लवकर उचलला नाही.

मग तो उरलेल्या दारांत गेला. जे त्याच्याहून धाकटे होते त्यांच्याही दारांत गेला. एक जण गडबडून उठला. "अहो नाईक, मी यायचं तुमच्याकडं! तुम्ही थोरले."

"म्हणूनच आधी निघालो," नाईक म्हणाला. "रस्ता ठाऊक नव्हता, शोधत आलो."

तो माणूस त्याच्या मागून निघाला. मग आणखी एक. दिवेलागणीपर्यंत चौकात माणसं इकडून तिकडं जात होती आणि सुईणआजीला कोपऱ्यातून ओरडून विचारावं लागलं नाही.

शेवटी नाईक समोरच्या दारापाशी आला. दार बंद होतं. त्यानं उंबरठ्यावर एक पान ठेवलं आणि जरा वेळ तिथंच उभा राहिला. आतून कुणी खाकरलं नाही. मग तो चौक ओलांडून परत आला. तो चौक केवढासा होता, हे त्याला त्या दिवशी कळलं. नऊ पावलं.

वीस दिवसांनी दिवाळी आली. कारभाऱ्यानं नेहमीसारख्या दारादारांत तेलाच्या वाट्या ठेवल्या. पण त्या पहाटे विसाव्यात एकही पाठ कोरडी राहिली नाही. आणि पुढं त्या घरात रीतच पडली: दसऱ्याला जो सगळ्यांत थोरला, त्यानं सगळ्यांत आधी उठायचं.

समोरच्या खोलीत नंतर एक म्हातारा विणकर राहायला आला. त्यानं बोचकं खाली ठेवायच्या आत नाईक त्याच्या दारात उभा होता. त्यानं त्याचं वय विचारलं नाही. पंतोजींची पुडी मात्र नाईकाच्या उशाखाली शेवटपर्यंत राहिली. तीत आता पानं नव्हती, नुसता चुरा होता. आणि तो त्यानं कधी शेळीपुढं टाकला नाही.

लहानांनो आणि थोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: आपल्या दारी कुणी यावं असं ज्याला वाटतं, त्यानं आधी आपला उंबरठा आपण ओलांडावा, आणि समोरचं दार उघडं आहे तोवर ओलांडावा.